काशीबाईची तार

...हो, त्यानेच पाठवलं मला. तुम्ही म्हणता तसंच — नवऱ्याने सांगितलं, बायको तार घेऊन गेली, म्हणजे त्या दिवशी महादू पोस्टमन कामावर होता, संपावर नव्हता. लिहा तसं. बसा ना साहेब — त्या बाकड्यावर नको, तिथे गळतं, इकडे या. चहा ठेवलाय. गुळाचा आहे, चालेल ना? एवढ्या पावसात रत्नागिरीहून आलात, आणि आमच्या घोवाने — नवऱ्याने — सकाळी कचेरीत तुम्हाला सरळ नाही म्हणून सांगितलं. कामावर होतो अशी सही करणार नाही म्हणे. पोस्टमास्तरांकडून कळलं मला, म्हणून तर तुम्हाला घरी बोलावलं. तो नाही घरात. माझ्या भावाच्या होडीला तेल लावायला गेलाय बंदरावर. दुसरं काय करणार? संप मिटून महिना होत आला, कुडाळचे, कणकवलीचे सगळे कामावर लागले म्हणतात, आमच्या कचेरीतले दोघेच घरी बसलेत — हा आणि हरिश्चंद्र कारकून. तुम्ही याच्यासाठी वाट काढताय, हे काय मला कळत नाही? कळतं. कुठला साहेब एवढं करतो? — थांबा हां, दार लावते, पाऊस आत येतोय. नाही, कोण आलं नाही. मला वाटलं तोच आला.

मी लग्नाआधी शाळेच्या मास्तरणीकडे कामाला होते, म्हणून तुमच्यासारखं बोलता येतं. मधेच आमचं येईल, समजून घ्या. तर काय सांगत होते — संप. संप बरोबर होता की नाही, ते मला विचारू नका. विचारलं नाहीत तुम्ही, खरं आहे, पण मनात असेलच की. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, चुकीचा. त्याच्या तोंडावर सांगितलं होतं. मी दर्यावरच्या घरातली, साहेब. होड्या वर ओढल्या की आमच्याकडे चुलीवर काय शिजेल त्याचा भरवसा नाही. माझा भाऊ लवू — त्याचीच ती होडी — तो हसायचा याला. म्हणायचा, 'भावजी, दर्या माका म्हागाई भत्तो देता काय? मी खंयच्या कचेरीच्या पायरेर जावन बसू?' आणि मला त्याचंच पटायचं. सरकारी नोकरी, खाकी कोट, वर छत्री, पाऊस पडो न पडो, पगार ठरलेला. गावात आहे कुणाकडे असं? मे महिन्यात आपलं नवं राज्य झालं म्हणून शाळेत पेढे वाटले, ते पेढे पोटात जिरले नाहीत तोवर हे निघाले पायरीवर बसायला. वर दिल्लीने वटहुकूम काढलेला — संप केलात तर धरून नेऊ. मी म्हटलं, धरून नेला तर मी काय करू? कोळंबी सोलू पुन्हा?

आणि महादू कसा, तो तुम्ही बघितलात. बोलायचं म्हणजे त्याच्या अंगावर येतं. एवढंच म्हणाला, 'तांदूळ म्हाग झालो, कापड म्हाग झाला, पगार थंयच. सगळ्या देशात लोक बसतत, मी एकटो आत जावन काम करू?' सकाळी उठला, कोटाची घडी करून ट्रंकेत ठेवली आणि गेला. कचेरीच्या पायरीवर दोघे एका छत्रीखाली. हरिश्चंद्राने पहिल्या दिवशी एक घोषणा दिली, समोरच्या दुकानातली माणसं वळून बघायला लागली, तर तोच लाजला. मग नुसते गप्प बसून. आत मास्तर एकटे, तारेचं यंत्र तेच चालवत होते — ते संपात नव्हते ना.

तर ती तार. मी भाकरी घेऊन गेले होते दोघांना, तेवढ्यात मास्तर दारात आले. म्हणाले, 'महादू, खाडीपलीकडच्या काशीबाईची तार आहे. सत्यवान इस्पितळात आहे, ताबडतोब निघा म्हणून.' सत्यवान म्हणजे तिचा एकुलता मुलगा, मुंबईला गोदीत. महादू उठला. उठला, साहेब, हे मी बघितलं. पायात वहाण घातली. मग हरिश्चंद्राकडे बघितलं. हरिश्चंद्र खाली बघत राहिला. आणि हा पुन्हा बसला. 'मास्तर, तुमी पोचवा.' मास्तर म्हणाले, कचेरी उघडी टाकून कसा जाऊ, आणखी तारा येतायत. खरंच होतं त्यांचंही. मग — मग काय, मला राहवलं नाही. भर रस्त्यात ओरडले मी त्याच्यावर. 'तुझो पगार वाढूक व्हयो म्हणान तिचो झील मरूक व्हयो?' दुकानातल्यांनी ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं. तो म्हणाला, 'यशोदा, जाव नको. तू गेलंस तर आमी हय पायरेर बसलंव कशाक?'

— म्हणजे, आधी तसं म्हणाला. नंतर म्हणाला, जा. मास्तरांनी मला कागद दिला तेव्हा... जा म्हणाला. लिहिताय तुम्ही? जरा थांबा. चहा उतू जाईल.

हा घ्या. कपाची कड तुटलीय, पलीकडून प्या.

त्या वाटेने मी कधी गेले नव्हते बघा. एवढी वर्षं तो जातो, मी आपली घरात. खाली उतरून खाडीतल्या होडीवाल्याला हाक मारायची, पलीकडे गुडघाभर चिखल, मग कातळ, नुसता शेवाळलेला. वाटेत एक बाई आडवी आली. माझ्या हातात तो कागद बघितला आणि ती तशीच मागे फिरली, घरात गेली, दार ओढून घेतलं. पुढच्या घरातला म्हातारा पडवीत बसला होता, तो उठून उभा राहिला, हात जोडले — मला नाही, कुणाला कोण जाणे — आणि मी त्याचं घर ओलांडून गेले तेव्हा खाली बसला. आता मी काय कुणाच्या वाईटावर होते? पण माझ्या हातात तार. खोटं नाही सांगत — निघताना मी रागात होते, याला दाखवून देते म्हणत होते, आणि काशीबाईचं शेत दिसलं तेव्हा वाटलं, परत फिरावं.

लावणी चालू होती तिची. एकटीच, कंबरेत वाकलेली, हातात रोपांची जुडी. तिने मान वर केली, म्हणाली, 'गो यशोदा, तू हय शेतात कशी?' मग कागद दिसला तिला. 'खरा सांग, कोण गेला?' तिला वाचता येत नाही, मलाही नाही. मास्तरांनी सांगितलं होतं ते पाठ करत आले होते सबंध वाटभर, पण तोंडातून निघालं काय? 'सत्यवान...' आणि पुढे काहीच येईना. नुसतं नाव. विचार करा साहेब, बांधावर उभी राहून मी तिच्या मुलाचं नाव घेतलं आणि गप्प. ती बाई त्यावेळी काय समजली असेल. मग कसंबसं म्हटलं, आहे, आहे, इस्पितळात आहे, जायचंय तुला. ती रडली नाही. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'एवढी ओळ लावन होवंदे गो.' आणि वाकली. लावतच राहिली. मी काय करू? मीही उतरले चिखलात. दोघींनी ती ओळ पुरी केली. तिचे हात सरळ चालत होते, माझीच रोपं वाकडी पडत होती. मग तिने हात धुतले आणि म्हणाली, 'चल.' मी तिला एस.टी.पर्यंत आणली. रेल्वेही बंदच होती तेव्हा, गाड्या बदलत गेली बिचारी. सत्यवान जगला. एक हात गेला क्रेनखाली, पण जगला. ती तिथेच आहे अजून.

मी घरी आले तेव्हा मला वाटलं, आता हा बोलेल. ओरडेल. भावाला तर मजाच आली असती. ओरडला नाही. मला गरम पाणी काढून दिलं पाय धुवायला, आणि एकच विचारलं — 'कसा सांगलंस तिका?' मी सांगितलं, नाव घेतलं आणि थांबले. त्याने तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, 'मी पयला पाणी मागतंय.' मी म्हटलं, काय? तर म्हणाला, दारात गेलो की आधी प्यायला पाणी मागतो. माणूस पाणी आणायला आत जातं, तोवर घरात आणखी कोण आहे ते बघतो, म्हातारं असेल त्याच्या जवळ जाऊन बसतो. पाणी पितो. मग सांगतो. दर वेळी, साहेब. इतकी वर्षं. तारा काय एक-दोन आणल्या त्याने? एवढ्या मुंबईवाल्या गावात? आणि मी म्हणायचे, पाऊस असो नसो पगार ठरलेला. त्या कामाचा पगार कोण ठरवतो? तुम्ही ठरवता? — नाही, तुमच्यावर राग नाही माझा. तुम्ही भले आहात. पण ठरवणारा त्या कातळावरून तार घेऊन कधी गेला असेल काय?

दुसऱ्या दिवशी हरिश्चंद्र त्याला म्हणाला, तुझ्या बायकोने संप मोडला. हा म्हणाला, 'ती सरकारची चाकर नाय. तिका संप लागू नाय.' आणि पुन्हा बसला पायरीवर, शेवटपर्यंत. लवूसुद्धा आता हसत नाही. स्वतःच येऊन म्हणाला, भावजी, चला होडीवर, हात रिकामे कशाक.

तर... तुमका खरा सांगू? सांगतंयच. त्येना माका पाठवल्यान नाय. नको म्हटल्यान. मी रागान गेलंय. तो पायरेर होतो, पाऊस अंगावर घेवन, आणि तो उठलो होतो आणि परत बसलो, आणि ता बसणा त्याका किती जड गेला ता माकाच म्हायत. आता मी तुमच्या कागदावर सांगू, की तो बसलोच नाय? मग हरिश्चंद्र एकटो रवलो. त्याची बायको खंय गेली नाय तार घेवन, त्याका कोण सोडवतला? आणि ह्यो पुन्हा कोट घालून त्याच्या दारावरून कसो जातलो?

मघाशी सांगितलं ते पुसा. पुसता येत नसेल तर आडवी रेघ मारा. मी अंगठा देणार नाही. काय होईल ते होईल — कोळंबी सोलीन, आधीही सोलत होते. लिहायचंच असेल तर लिहा, महादू संपावर होता.

चहा झाला ना? उठा मग, साहेब. तो बघा, बंदरावरून चढून येतोय. त्याला यातलं काही विचारू नका, आणि मी काय बोलले तेही सांगू नका. मागच्या दाराने जा. जपून, तिथे निसरडं आहे.