मागच्या दाराची गोष्ट

आता मले सांगा, बाईनं गोष्टीत माझ्या सुटलेल्या पोटावर दीड पान लिहायची काही गरज होती? दीड पान! नाव बदललं म्हणे... काय बदललं? मनोहरचं मनोरंजन केलं! गावाले समजत नाही का? पण तुम्हाले सांगतो, लिहिते मात्र लाजवाब!

पंच्याऐंशी साल. आमच्या सौंसरात बंदवर बंद होऊन राहिले होते. कापूस खरेदी केंद्र पांढुर्ण्याले हलवणार म्हणे! रामाकोन्याजवळ बसवर गोटे पडले, नागपूरची गाडी बंद, अन् बंदचा पुढारी कोण? मी! कापडाच्या दुकानाले समोरून कुलूप, अन् मागच्या दारानं... लग्नसराई होती हो, माणसानं करावं काय? तर आमच्या कन्याशाळेच्या प्रतिभाबाईनं नेमकं हेच लिहून नागपूरच्या मासिकात छापलं. समोर घोषणा, मागून लुगडी! मी रागानं वाचलं, पुन्हा वाचलं, तिसऱ्यांदा तर बायकोले वाचून दाखवलं, अन् ती इतकी हसली, इतकी हसली की... जाऊ द्या. लिहिते लाजवाब!

पण बंदातले माझे जोडीदार गुलाबभाऊ आले ना पन्नास माणसं घेऊन! 'भाऊ, आंदोलनाची बदनामी! बाईनं माफी मागावी, नाहीतर नोकरी जाईन तिची! चला, मासिकं जाळू!' यातल्या किती जणांनी वाचलं होतं? एकानंही नाही! मले ढकलत शाळेपुढं नेलं. अंकांचा ढीग, त्याच्यावर रॉकेल, अन् माचिस माझ्या हातात.

बाई व्हरांड्यात एकट्या. मोठ्या बाई आत, दार लावून. हातातला खडू थरथरत होता, मी पाहिला ना! पण आवाज? जरासाही नाही! म्हणे, 'माफी कायची? मनोहरभाऊ, एक ओळ खोटी असन तर सांगा. मीच काडी लावते.'

अरे देवा! मनात म्हटलं, बोल 'खोटी'. एका शब्दाचं काम! पण त्या खडूकडे नजर गेली अन् तोंडातून निघालं, 'खोटं नाही. ते मागचं दार माझंच आहे. बाईले लिहू द्या.'

गुलाबभाऊ ओरडले, 'भाऊ, काय बोलून राहिले?' म्हटलं, 'तुमच्या पोरीचा शालू कोणत्या दारानं गेला, गुलाबभाऊ?' मागून एक जण खिक्कन हसला, मग दुसरा... अन् पांगले हो सारे! माझं पुढारीपण त्याच दिवशी गेलं, बाईची नोकरी मात्र राहिली. खरं सांगू? इतक्या हिमतीचं माणूस मी नाही पाहिलं. अन् लिहिते... आता कितीदा सांगू!

आठ दिवसांनी बाई नवी गोष्ट वाचून दाखवायले दुकानात आल्या. त्या दिवसाचीच! मी सावरून बसलो, म्हटलं आता तरी आपण मर्द गडी. तर पहिल्याच ओळीत बाईनं लिहिलं, माझे पाय लटपटून राहिले! म्हटलं, 'बाई, तेवढं खोडा ना!'

चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, 'तुम्हीच म्हटलं ना भाऊ, लिहू द्या म्हणून?'

चहा सांगितला, अन् बसलो ऐकत.