आधी तू पी

नाही, मला आधी सांगा, बेचाळिशीच्या माणसाला कोणी ‘बाळ’ म्हणतं का? कानशिलावरचे केस पिकलेत, सकाळी मीच दाढी करून दिली, आणि ती नर्स म्हणते, “बाळाचे कपडे बदला!” कुठलं बाळ? माझा मोठा भाऊ आहे तो! समज लहान आहे, मान्य, पण माणूस मोठाय ना... आणि दाढ किडलीय त्याची, आठवडाभर धड जेवण नाही, कळ आली की स्वतःच्याच गालात मारून घेतो. बघवत नाही हो! तोंड उघडून खुर्चीत बसणं दादाला जमत नाही, म्हणून पूर्ण भूल. सुईला हात देणार नाही, म्हणून त्याआधी रसातून गुंगीचं औषध. आणि या तारखेसाठी किती महिने ताटकळलो, ते विचारूच नका!

तुम्हाला सांगते, मी दारातूनच सांगत होते. देणाऱ्याने आधी घोट घेतल्याशिवाय दादा काही पीत नाही. आई दूध कोमट आहे का बघायची ना, तेव्हापासूनचं. नुसता ओठ लावून भागत नाही, गळ्यावर बोट ठेवून बघतो, उतरला की नाही! म्हटलं, दोन पेले करा, साध्या रसाचा मी पिते, औषधाचा त्याला द्या. पण ऐकतो कोण?

आले भूल देणारे डॉक्टर. “ताई, हे आमचं रोजचंच आहे. गोड आहे, त्याला कळणारसुद्धा नाही.” त्याला! अहो, समोर बसलाय तो! त्याच्याशी बोलला असतात तर जीभ झिजली असती? मी परत दोन पेल्यांचं काढलं, तर म्हणतात, “भूल तुम्ही देणार की मी?” द्या बाबा, तुम्हीच द्या... अडला हरी! मी सांगत होते, पण ऐकतो कोण?

पेला पुढे केला. दादा म्हणाला, “आधी तू पी.” डॉक्टर माझ्याकडे बघून डोळा मिचकावतात, पेला तोंडाला लावतात, गाल फुगवतात, “हंऽऽ... हंऽऽ!” काय ते नाटक! दादाने शांतपणे गळ्यावर बोट टेकवलं. “गेलं नाही. पी.” डॉक्टर दचकले, आणि... गटक!

मग दादाने उरलेला पेला आनंदाने रिकामा केला. शब्दाचा पक्का आहे हो माझा भाऊ!

दातांच्या डॉक्टरीणबाई हातमोजे चढवून दारात. “काय झालं?” काय झालं म्हणून काय विचारता? स्वतः गुंगीचं औषध प्यालेल्या माणसाला दुसऱ्याला भूल द्यायला उभं करणार आहात? त्यांच्या जागी दुसरं कोणी नाही. ऑपरेशन रद्द! दोघं एकाच बाकावर, डॉक्टरांची मान दादाच्या खांद्यावर, आणि दादा पेंगत पेंगत त्यांना थोपटतोय, “घाबरू नको हं... दुखत नाही.”

हसू आलं मला, खोटं कशाला बोलू? पण जाग आल्या आल्या दादाने पहिला हात स्वतःच्या गालात मारला, आणि तिथे हसू संपलं. असा राग आला, असा राग आला...

निघताना मोठ्या सिस्टर मलाच सुनावतात, “पुढच्या वेळी पेशंटला घरून नीट समजावून आणा.”

आणते बाई. दादाला समजावून आणते. डॉक्टरांना कोण समजावून आणणार?