कोणासाठी हवंय कापड?

आजच्या समारंभाच्या माननीय अध्यक्ष, आमच्या गोधडी मंडळाच्या सर्वेसर्वा आणि नात्याने माझ्या थोरल्या जाऊबाई. ज्यांनी हे सभागृह आपल्याला दिलं ते वाचनालयाचे चिटणीस. आजचे सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांचे कापडवाले काका. त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या काकू. मंडळाच्या मैत्रिणी आणि मागच्या रांगेतून मला आत्तापासूनच घड्याळ दाखवणारे आमचे हे, सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत आणि काय बोलायचं तेही सांगून ठेवलंय. काकांचा हसतमुख स्वभाव, काकांची सेवा. अध्यक्षबाई मला माफ करतील, पण काका हसतमुख कधी होते? बावीस वर्षांत मी त्यांना दोनदा हसताना पाहिलं. त्यातल्या एका वेळी मी त्यांच्या शिडीवरून घसरत होते.

खरं सांगायचं तर या माणसाने माझ्या नाकी नऊ आणले. दुकान भर दुपारी बंद. भाव लिहिलेला नाही. हवा तो तागा नेमका छताला टेकलेला. आणि कात्री हातात घेण्याआधी यांचा तो एकच प्रश्न, "कोणासाठी हवंय?" अहो, मी कापड घ्यायला आलेय, चौकशीला आलेय का? पण उत्तर दिल्याशिवाय हे कापडाला हात लावतील तर शपथ.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हाची गोष्ट. मला त्यांच्यासाठी चांगली जाड, ऊबदार गोधडी शिवायची होती. पिवळं भरदार कापड मी स्वतः काढून समोर ठेवलं. काकांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी तो तागा उचलून परत फळीवर ठेवला आणि म्हणाले, "हे जड होईल. त्यांचं पांघरूण त्यांना स्वतः बाजूला करता आलं पाहिजे." आणि विरळ विणीचं, हाताला लागतही नाही असं कापड फाडून दिलं. मी घरी येईपर्यंत धुमसत होते. पण शेवटच्या दिवसापर्यंत सासूबाईंनी पांघरुणासाठी कोणाला हाक मारली नाही. हे जाऊबाईंनाही माहीत आहे. त्या आता खाली बघतायत.

आता शेवटच्या बसथांब्याजवळच्या त्या मोठ्या दुकानाबद्दल. तिथे कोणी काही विचारत नाही. आधी मला हे फार आवडलं. थंडगार हवा, सरकता जिना, चौकोन कापून बांधलेले गठ्ठे, आणि भाव काकांच्या निम्मा. माझ्या पोस्टातल्या पगारात एका गोधडीच्या पैशांत दोन होतात म्हटल्यावर मी तिकडे वळले, याची मला लाज नाही. परवडायला नको का? पण तिथल्या मुलीला मी विचारलं, हे निव्वळ सुती आहे का? तिने गठ्ठा उलटा करून मलाच वाचायला दिला. मीटर म्हणजे मोजून मीटर, काका वर फाडून देतात ती चार बोटं विसरा. आवडलेला नमुना पुढच्या महिन्यात गायब, आणि त्या फळीवर मेणबत्त्या. मला या दोन्ही दुकानांचा राग येतो. सगळ्यात जास्त माझा येतो, आणि का, तेच सांगायला मी उभी आहे.

काका दुकान बंद करून लेकीकडे राहायला जाणार हे कळलं, तेव्हा मंडळाने ठरवलं की त्यांना गोधडी द्यायची. ती टेबलावरच्या त्या कागदात आहे. जाऊबाई, डोळे वटारू नका, आता सुरुवात झालीय. प्रश्न आला की कापड कुठून आणायचं? काकांकडून आणलं तर ते विचारणार, कोणासाठी? मग गुपित फुटणार. म्हणून मोठ्या दुकानातून आणायचं ठरलं. हे कारण खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं कारण असं, की तिथे ते स्वस्त होतं. आणण्याचं काम माझ्याकडे होतं.

लाल आणि पांढरे चौकोन. गठ्ठ्यावर लिहिलं होतं, धुऊन तयार. काकांनी आम्हाला हजारदा सांगितलंय, कापायच्या आधी कापड पाण्यातून काढा. आम्ही छापील अक्षरांवर विश्वास ठेवला. चार महिने अठरा बायकांनी टाके घातले. पांढऱ्या चौकोनांवर प्रत्येकीने आपापलं नाव भरलं. मग खडूच्या खुणा जाव्यात म्हणून मी ती घरी धुतली. लाल रंग पांढऱ्यात उतरला, चौकोन आटले, सगळी गोधडी चुरगळून गोळा झाली. मी न्हाणीघरात खाली बसून रडले.

त्या मोठ्या दुकानात गेले, तर धुतलेलं कापड परत घेत नाहीत. फोन केला, तर एक दाबा, दोन दाबा. तो लाल तर आता येतच नाही म्हणाले. निरोपाला पंधरा दिवस राहिले होते.

शेवटी लाल तुकडा मुठीत धरून मी काकांकडे गेले. रस्ताभर खोटं पाठ करत होते, भाचीसाठी हवंय, भाचीसाठी हवंय. काका फळ्या रिकाम्या करत होते. त्यांनी तुकडा दोन बोटांत चोळला, पाण्याच्या पेल्यात बुडवला. पाणी लाल झालं. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भाचीला ओठांवर आणून उभी होते. त्यांनी काहीच विचारलं नाही. शिडी लावली, वरून तागा काढला, चार बोटं जास्त कापड फाडून दिलं आणि म्हणाले, "हा रंग जात नाही." मी वळले तेव्हा मागून आवाज आला, "आणि पांढऱ्याचं काय करणार?"

मी पांढऱ्याचा उल्लेखही केला नव्हता. पांढरंही त्यांनी दिलं. पैसे पूर्ण घेतले, आणि त्याने मला जरा बरं वाटलं.

बावीस वर्षं ज्या प्रश्नाने मी वैतागले, तो त्या दिवशी विचारला गेला नाही, आणि ते मला सहन झालं नाही. काका, तुम्हाला कळलं होतं. ती कोणासाठी आहे हेही, आणि आधीचं कापड कुठलं होतं हेही.

आज हे सभागृह भरलंय. हे शेवटचं लाल-पांढरं सोडून यंदा काकांकडून कापड किती जणांनी घेतलं, हे मी विचारत नाही. हात वर करायची वेळ आली तर माझाच खाली राहील.

वाचनालयाचे आभार, मैत्रिणींचे आभार. पंधरा दिवसांत त्यांनी सगळं उसवून पुन्हा शिवलं. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर ते मनावर घेऊ नये. गोधडीत मात्र एक उणं मुद्दाम ठेवलंय. सतरा नावं नव्या पांढऱ्यावर पुन्हा भरली. माझ्या नावाचा चौकोन गुलाबी झालेलाच आहे, तो मी बदलू दिला नाही.

काका, माईक तुमच्याकडे देते. भाषण करू नका, तुम्हाला जमणार नाही. फक्त तो प्रश्न विचारा. आज मी खरं उत्तर देणार आहे.