अदेलिना आज येणार नाही

(अमेरिकेच्या दक्षिणेतलं एक गाव. अर्धांगाने पाय गेलेली व्हेल्मा पलंगावर. तिचं सगळं करणारी अदेलिना सकाळीच बाहेर गेलेली. तिचा मुलगा कोल्बी, राज्याचा महामार्ग पोलीस, गणवेषातच दारात उभा.)

कोल्बी : ...तर अदेलिनाला केंद्राच्या इमिग्रेशनवाल्यांच्या ताब्यात दिलंय. बरं, तुला अंडी कशी करू?

व्हेल्मा : काय दिलंय?

कोल्बी : काही नाही. ती आज येणार नाही, एवढंच. उकडू का?

व्हेल्मा : कोल्बी, ती माझी औषधं आणायला गेलीय. माझ्या गाडीतून.

कोल्बी : गाडीचा मागचा दिवा गेलाय.

व्हेल्मा : तो थँक्सगिव्हिंगपासून गेलाय. तूच म्हणालास, मेकॅनिक नको, मी बसवतो.

कोल्बी : हो ना. म्हणून तर गाडी लांबूनच ओळखली.

व्हेल्मा : म्हणजे तू अडवलीस.

कोल्बी : थांबवली. शेजारी केंद्राचा माणूस बसला होता. वरून हुकूम आहे, हल्ली ते आमच्याच गाडीतून फिरतात. कागद नसलेली माणसं त्यांची, रस्ता आमचा. तो म्हणाला, दिवा गेलाय. मी काय, दिसत नाही म्हणू?

व्हेल्मा : आईची गाडी आहे, म्हणायचं.

कोल्बी : म्हटलं की. तर म्हणतो, चालवतेय ती तुझी आई का? मग उतरलो. नाव विचारलं, देश विचारला.

व्हेल्मा : दर ख्रिसमसला तिच्या हातचे तामालेस चापतोस. वर डबा भरून नेतोस. नाव ठाऊक नव्हतं तुला?

कोल्बी : मला ठाऊक असून चालत नाही. तिच्या तोंडून यावं लागतं.

व्हेल्मा : मग ती काय म्हणाली?

कोल्बी : म्हणाली, "कोल्बी, तू मला ओळखतोस."

व्हेल्मा : आणि तू?

कोल्बी : मी परत विचारलं.

व्हेल्मा : शी.

कोल्बी : आवाज न चढवता विचारलं, आई.

व्हेल्मा : बेड्या कुणी घातल्या?

कोल्बी : बेड्या राज्याच्या, अटक केंद्राची. त्याच्या बेड्या हॉटेलात राहिल्या होत्या. पण मी हात पुढेच ठेवू दिले, मागे नाही. म्हटलं, वयाने मोठी बाई आहे. तिने आभारसुद्धा मानले.

व्हेल्मा : आणखी काय म्हणाली?

कोल्बी : म्हणाली, दुपारची गोळी रिकाम्या पोटी देऊ नको. म्हणून तर अंडी विचारतोय.

व्हेल्मा : बेड्या घातलेल्या असताना म्हणाली हे?

कोल्बी : हो.

व्हेल्मा : मग गोळी दे.

कोल्बी : गोळ्या गाडीत आहेत. गाडी जप्त झालीय. मालकाने स्वतः येऊन सोडवायची असते.

व्हेल्मा : येते हं. बूट घालते आणि येते.

कोल्बी : चिडू नकोस ना.

व्हेल्मा : फोन लाव आणि तिला सोडवून आण.

कोल्बी : आता ते राज्याच्या हातात नाही.

व्हेल्मा : सकाळी होतं.

कोल्बी : सकाळी होतं, हो.

व्हेल्मा : मला संडासला जायचंय.

कोल्बी : आत्ता? शेजारच्या ग्लॅडिसबाईंना बोलावतो.

व्हेल्मा : त्यांना स्वतःला काठी लागते. तू ट्रकखालून माणसं ओढून काढतोस, मी जड आहे का?

कोल्बी : ते परके असतात गं. तू आई आहेस, संकोच वाटतो.

व्हेल्मा : सकाळी ओळख आड आली नाही ती.

कोल्बी : ...बरं, टाक माझ्या गळ्यात हात.

व्हेल्मा : हात लावू नकोस. कागद घे.

कोल्बी : कशाला?

व्हेल्मा : मी सांगते ते लिही. प्रति, प्रमुख, राज्य महामार्ग पोलीस. महोदय, आपल्या खात्याला स्वतःचं काम उरकून केंद्राचंही काम करायला सवड मिळते, हे वाचून... नाही, "पाहून" लिही.

कोल्बी : पाहून.

व्हेल्मा : ...पाहून कळलं. तरी अदेलिना मेहीया हिला माझ्या घरी आणून सोडावं. तोवर रोज सकाळी व रात्री मला उचलण्यासाठी, न्हाऊ घालण्यासाठी आणि संडासावर बसवण्यासाठी आपला एक अधिकारी पाठवावा, ही विनंती. गणवेषात आला तरी हरकत नाही.

कोल्बी : झालं?

व्हेल्मा : नाही. खाली लिही : माझा मुलगा सोडून कुणीही चालेल.