लिमलेटची बँक

(कॉलेजातली प्राचार्य अप्पाराव यांची केबिन. समोर अर्थशास्त्राच्या शाइस्ता मॅडम. शिपाई मालनबाई चहा घेऊन येतात.)

प्राचार्य : ...म्हणून सांगतो मॅडम, तुमचा हा ‘बँकांचा इतिहास आणि जुगार’ पेपर मला या ठिकाणी बंद करावा लागणार. तो पुढं चालू ठेवायच्या प्रस्तावावर सही करणार नाही मी.

शाइस्ता : सर, माझं सगळं संशोधन त्यावर आहे. जुगारातला अंदाज अन् बँकेतला भरवसा एकाच घरचे, हे शिकवते मी. खेळवत नाही.

प्राचार्य : बजाजनगरहून एका पालकाचा फोन आला. पोरगा घरी जाऊन सांगतो, मॅडमच्या पेपरापायी आज सगळं हरलो. बाप कंपनीतून आला तो जेवलाच नाही.

शाइस्ता : लिमलेटच्या गोळ्या हरला तो.

प्राचार्य : गोळ्या?

शाइस्ता : पैशाला कुणी हात लावायचा नाही, ही पहिल्याच तासाची अट. सगळ्यांनी गोळ्या तनुजाकडं ठेवल्या. ती वर्गाची बँक. तिनं बदल्यात चिठ्ठ्या दिल्या. जुन्या काळी सोनार असंच लोकांचं सोनं ठेवून घ्यायचे अन् पावती द्यायचे.

मालनबाई : पोरगी गुणाची हाय, पर बँक बुडाली तिची.

प्राचार्य : तुम्हाला काय माहीत, मालनबाई?

मालनबाई : माझ्या बी व्हत्या की गोळ्या.

प्राचार्य : म्हणजे इथपर्यंत आलं हे. आणि लावतात कशावर? क्रिकेटवर?

शाइस्ता : नाही, सर.

प्राचार्य : मग?

शाइस्ता : जाऊ द्या. पेपर बंदच करा तुम्ही.

प्राचार्य : असं कसं? आत्ता तर भांडत होतात.

शाइस्ता : सांगण्यासारखं नाही.

मालनबाई : तुमच्या भाषनावर लावतेत, सायेब.

प्राचार्य : माझ्या?

शाइस्ता : मालनबाई, तुम्ही कप ठेवा ना अन् जा.

प्राचार्य : नाही, थांबा. भाषणावर म्हणजे काय?

शाइस्ता : वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनाला तुम्ही ‘या ठिकाणी’ किती वेळा म्हणणार, त्यावर. माफ करा. मी म्हटलं होतं, सिटी बसला किती उशीर होतो त्यावर लावा. त्यात मुलांना मजा वाटली नाही.

प्राचार्य : मी फारसं म्हणत नाही तसं.

मालनबाई : म्हनता.

प्राचार्य : हे पाहा, मी या... म्हणजे मी जे काही या... थांबा जरा, वाक्य जुळवतोय.

शाइस्ता : सावकाश, सर.

प्राचार्य : पण मॅडम, त्या दिवशी सभागृह उभं राहिलं होतं. मी शेवटाकडं आलो अन् आधी मागच्या रांगा उठल्या, मग मधल्या. मी हात जोडले, खाली उतरलो. घरी सांगितलं, तर आमच्या हिनं शिरा केला.

शाइस्ता : ती... ती बँक बुडाली तेव्हा. तनुजानं पिशवीत होत्या त्यापेक्षा जास्त गोळ्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. सगळे एकदम थोडेच येतात, असं वाटलं तिला. सोनारांनाही तेच वाटायचं. तुमचं भाषण रंगात आलं अन् कुजबुज झाली की पिशवी रिकामी आहे. मग जो तो चिठ्ठी घेऊन तिच्याकडं.

प्राचार्य : म्हणजे माझ्यासाठी कुणी उठलं नव्हतं.

शाइस्ता : नव्हतं, सर. पण तोवर सगळे तुम्हालाच ऐकत होते. एकाचाही मोबाइल बाहेर नव्हता.

प्राचार्य : मोजत होते. मी काय बोललो ते कुणी ऐकलं?

मालनबाई : म्या ऐकलं. तुमी फुलंब्रीहून सायकलवर यायचे, आई दशमी बांधून द्यायची, अन् पोरं हसतेन म्हून तुमी गच्चीवर एकटेच खायचे. लई कसंतरी झालं मला. घरी जाऊन पोरीला सांगितलं. एवढी वर्सं झाली सायेब, तुमी कदी बोललेच नाय हे.

प्राचार्य : दरवर्षी बोलतो, मालनबाई.

मालनबाई : व्हय?

शाइस्ता : मीही पहिल्यांदाच ऐकलं, सर. दरवर्षी पहिल्या रांगेत बसते. शरम वाटते सांगायला.

प्राचार्य : चहा गार झाला.

मालनबाई : दुसरा आनते.

प्राचार्य : राहू द्या. मॅडम, द्या तो प्रस्ताव इकडं. सही कुठं करायची?

शाइस्ता : इथं, खाली. शुक्रिया, सर. मुलांना आजच ताकीद देते. तुमच्या भाषणावर पुन्हा कुणी गोळी लावणार नाही.

प्राचार्य : घाई करू नका. त्या पालकांशी मी बोलतो. पुढच्या आठवड्यात वृक्षारोपण आहे, चार शब्द मलाच बोलायचेत.

शाइस्ता : मग?

प्राचार्य : तनुजाला म्हणावं, या वेळी पिशवी भरून आण. मला शेवटपर्यंत बोलायचंय.