चंदव्वेची शिळा

थांबा साहेब, ती छिन्नी ठेवा जरा खाली — आधी चहा. हाव, घेतला असेल तुम्ही निलंग्याला, पण तो स्टँडवरचा. मठात आलेला माणूस कोरड्या तोंडानं उठत नाही. मठ म्हणजे — आता घरच की! आम्ही जंगम, पिढ्यान् पिढ्या इथंच संसार करून राहिलो. त्या दोन खांबांमधे पूर्वी तपस्वी बसायचे म्हणे, तिथं आता माझं ज्वारीचं पिंप. पण भिंतीतली शिळा तीच. कुठल्या मांडलिक राजाची राणी, चंदव्वे नाव तिचं — आठशे वर्षं झाली म्हणतात — तिनं मठाला जमीन दिली, तपस्व्यांच्या जेवणाला अन् एका दिव्याच्या तेलाला. जुन्या कानडीत कोरलेलं. मला कुठं वाचता येतंय! हे वाचायचे. भस्म लावलं की रोज अक्षरांवरून बोट फिरवत राणीचं नाव घ्यायचे, मग मी काडी ओढायची. रीतच तशी, आधी राणी, मग दिवा.

आत झोपलेत ना, म्हणून हळू बोलते. तुम्हाला पत्र त्यांनीच लिहिलं, डाव्या हातानं — अक्षर बघितलंच असेल. चौपदरी रस्त्याचा खुणेचा दगड अंगणात रोवून गेले, बेलाला लागून, तेव्हा हे म्हणाले, घाबरू नकोस, शिलालेख असलेली वास्तू पाडत नाहीत. पुरातत्त्वाचे साहेब येतील, कागदावर अक्षरांचा ठसा घेतील, रस्ता वळेल. वळेल ना? ठसा मिळाला की? — मिळाला तर, म्हणता. हं.

मागल्या श्रावणात ह्यांच्या अंगावरून वारं गेलं. लातूरला दवाखान्यात ठेवलं. उजवा हात गेला, वाचा गेली. मी काय करणार साहेब? सोमवार धरले, अन् शिळेलाच बोलले — माय, ह्यांना बोलतं कर, तुला टाइल बसवीन, लोकांच्या देवघराला असते तशी, पांढरीशुभ्र. तेलानं लई काळी झाली होती ती. पाहुण्यांसमोर मला लाजच वाटायची, खरं सांगते. अन् एक दिवस ह्यांनी हाक मारली — गंगम्मा! — एवढंच. पण स्वच्छ. मग नवस फिटायला नको? हे घरी यायच्या आत नरसिंग गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, "अक्का, दगडाला टाचे मारल्याबगर, छिन्नीनं खड्डे पाडल्याबगर सिमेट धरत न्हाई बघा." मी म्हणाले, मार बाबा. त्याच्या हातोडीला मी कुंकू लावलं, साहेब. नारळ फोडला. तो ठोके घालून राहिला अन् मी हात जोडून उभी.

हे आले, टाइलवर हात ठेवला, अन् विचारलं — अक्षरं? मी म्हणाले, खाली आहेत, सुखरूप, झाकून ठेवलीत. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पहिलंच खोटं — न्हाई, पहिलं नसेल, मोठं हेच. तेव्हापासून रोज त्या गुळगुळीत टाइलवर डाव्या हाताचं बोट फिरवतात, जिथं जे वळण होतं तिथं तसंच वळवून, अन् राणीचं नाव घेतात. मी काडी ओढते.

मला वाटतं, सगळं कसं जाईल? एखादी ओळ वाचली असेलच की. महादेव एवढा काही — काढा, काढा तुम्ही. चहा निवला तर निवू द्या.

निघाली? बघू. हे तर — नुसते खड्डेच. तिकडं कोपऱ्यात बघा ना, ओल्या फडक्यानं पुसून. वर चंद्र-सूर्य कोरलेले होते, ते? तेही? एक अक्षर असलं तरी ठसा होतो का साहेब, एकच? — कागद गुंडाळून राहिलात तुम्ही.

बरं. तुमचा काय दोष. दिसलं तेच लिहा, खोटं लिहा असं मी कशी म्हणू. फक्त ह्यांना उठवू नका. अन् ती टाइल परत जागेवर बसवून द्या. उद्या सकाळी त्यांना बोट फिरवायला ती लागेल. वाकडी नको — हां, तशी.

जा आता. चारची बस चुकेल तुमची.