कळशीभर आमिष

भाऊ : "गळ ओठातून घाल, पाठीतून घालू नकोस. पाठ मोडली की मासा पोहत नाही, नुसता लोंबतो." अप्पा सांगायचे, आठवतंय ना ताई?

ताई : अप्पांचं तेवढंच बरं लक्षात राहिलं तुझ्या. आणि म्हणून माझ्या धुण्याच्या बादलीत हे एवढे जीव आणून सोडलेस? मी साबण टाकणार होते आता त्यात.

भाऊ : हळू बोल गं. बाहेर ऐकू जाईल.

ताई : जाऊ दे की. गळमित्र मंडळाचे अध्यक्ष बहिणीच्या मोरीत मासे पाळतात, कळू दे लोकांना. काय रे, तळ्याच्या फाटकावर ती दाराएवढी पाटी कोणी लावली? 'कोणत्याही हेतूने जिवंत मासा आत आणण्यास सक्त मनाई.' खाली सही कोणाची?

भाऊ : ती पाटी सगळ्यांसाठी आहे.

ताई : हो ना, तुला सोडून सगळ्यांसाठी. आणि सभेत केवढा बोललास! परक्या पाण्याचा मासा तळ्यात सुटला की रोग आणतो, इथल्या माशांची अंडी खातो, बघता बघता त्यांचा निर्वंश करतो. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. त्या न्हाव्याच्या डब्यात चार मासे सापडले, तर वर्षभर तळं बंद केलंस त्याला.

भाऊ : नियम बरोबरच आहे, मी कुठे नाही म्हणतो? पण आज स्पर्धा आहे. फिरती ढाल वर्षानुवर्षं व्याह्यांकडेच आहे. फिरती म्हणे! फिरायचं विसरली ती. लेकीला भेटायला गेलो की मला मुद्दाम त्या ढालीखालच्या खुर्चीत बसवतात, चहा देतात आणि विचारतात, "यंदा तरी काही लागलं का गळाला?"

ताई : मग लाव की. रबरी बेडूक, पिसांच्या माश्या, कपाटभर खेळणी आहेत तुझ्याकडे. नातवंडांकडेही एवढी नाहीत.

भाऊ : जावईबापू रबराला तोंड लावत नाही.

ताई : जावईबापू म्हणजे तो पुलाखालचा थोराड मासा?

भाऊ : तोच. काहीही पुढे करा, नाक मुरडतो आणि तळाशी जाऊन बसतो. उगाच नाही पडलं ते नाव. त्याला वळवळणारं, जिवंत लागतं. पहाटे टेकडीपलीकडच्या ओढ्यावर जाऊन जाळीने धरलेत हे. आता फाटकातून आत न्यायचे, एवढंच. पण रखवालदार माझाही डबा उघडून बघतो. मीच सांगून ठेवलंय त्याला, अध्यक्षाचाही बघ म्हणून.

ताई : मोठेपणा अंगाशी आला म्हणायचा.

भाऊ : तुझी कळशी मात्र तो कधी बघत नाही.

ताई : अस्सं!

भाऊ : रोज सकाळी तू काठावरच्या माठात प्यायचं पाणी भरतेस. तुझं व्रत सगळ्यांना ठाऊक आहे. वर फडकं टाकलं की झालं. तुला वाट करून देतील लोक.

ताई : इतकी वर्षं माझ्या व्रताला हसत होतास. आज बरा उपयोग सापडला त्याचा. बरं, नेते.

भाऊ : खरंच?

ताई : नेते. पण कोणी विचारलं तर खोटं बोलणार नाही. आणि फाटकापर्यंत बरीच वाट आहे. तेवढ्यात तुझी तुलाच लाज वाटेल, या आशेवर नेते.

भाऊ : तुला कोण विचारतंय!

(तळ्याचं फाटक. ताईच्या कमरेवर कळशी. भाऊ चार पावलं मागे, ओळख नसल्यासारखा.)

रखवालदार : या ताई, देवासारख्या आलात. स्पर्धेची गर्दी, माठ कधीच खडखडीत झालाय. आधी माझ्या पेल्यात ओता, घशाला कोरड पडलीय.

ताई : यातलं नका मागू, दादा. यात मासे आहेत.

रखवालदार : मासे! आणि ते कशाला?

ताई : माझ्या भावाचं आमिष आहे. जिवंत.

रखवालदार : ताई, तुम्हीसुद्धा थट्टा करायला लागलात! साहेबांचं आमिष म्हणे! ओता, ओता. थांबा, फडकं मीच काढतो... अगं आई गं!

ताई : सांगितलं ना.

रखवालदार : साहेब, जरा इकडे येता? ताई म्हणतात, हे तुमचे.

भाऊ : माझे? छे, छे! तिचं मन फार हळवं आहे हो. कुठल्यातरी आटलेल्या डबक्यात तडफडताना दिसले असतील, आणले उचलून तळ्यात सोडायला. भूतदया, दुसरं काय!

रखवालदार : हां, तसंच असणार. ताईंच्या पायाखाली कधी मुंगी मरायची नाही.

ताई : वा! मी खरं बोलले ती थट्टा, आणि हा बोलला ती माझी भूतदया.

रखवालदार : मला काही उमजेना. पण साहेब, पाटीवर 'कोणत्याही हेतूने' असं लिहिलंय. ज्याच्या हातात सापडेल त्याला वर्षभर फाटक बंद. न्हावी माझा मावसभाऊ, त्याला नाही सोडलं मी. अजून बोलत नाही माझ्याशी. आता काय करू, तुम्हीच सांगा.

भाऊ : नियम... नियम तो नियमच.

रखवालदार : म्हणजे ताईंना बंदी?

भाऊ : ती कुठे गळ टाकते? तिचं काय अडणार आहे?

ताई : माठ अडेल.

भाऊ : माठाचं मंडळ बघेल.

ताई : बघेल हो. आधी सभा, मग ठराव, मग उपसमिती. तोवर लोकांनी आवंढे गिळावेत. दादा, अध्यक्षांचा शब्द आहे, करा बंदी. लेकीच्या लग्नादिवशीही खाडा केला नव्हता मी. पाय चालतात तोवर भरीन म्हटलं होतं. पाय चालतायत अजून.

रखवालदार : ताई, तुम्ही पुन्हा एकदा सांगा, हे साहेबांचेच आहेत म्हणून. मग मी बघतो काय करायचं ते.

ताई : मी एकदा सांगितलं. आता सांगायची पाळी त्याची.

भाऊ : अं... शिट्टी होईल आता. जागा वाटून देतायत तिकडे.

रखवालदार : मग या माशांचं काय? एक तर इथे खड्ड्यात पुरायचे, नाहीतर ज्या पाण्यातले त्या पाण्यात. हे टेकडीपलीकडच्या ओढ्यातलेच दिसतात, पण तिथवर कोण जातंय? सगळे नेतो म्हणतात आणि वळणावरच्या गटारात ओततात. म्हणून मी पुरतोच.

ताई : पुरू नका. मी शब्द देते, ओढ्यातच सोडीन. एकही वाटेत टाकणार नाही.

रखवालदार : टेकडीचा चढ आहे, ताई. त्यात भरली कळशी.

ताई : भरली कळशी मला नवी नाही.

भाऊ : ताई, रागावलीस?

ताई : नाही रे. गळ जपून बांध, घाईत टोचून घेशील.

भाऊ : संध्याकाळी येशील ना? ढाल मिळालीच तर तुझ्या हातून घ्यायची होती मला.

ताई : कुठे यायचं?

भाऊ : इथेच. तळ्यावर.

ताई : मला बंदी आहे ना रे. सर बाजूला. ऊन चढतंय, पाणी तापलं तर टिकायचे नाहीत हे.